चॉकलेट सोडलं

“अहो, म्हणा की! चॉकलेट सोडलं म्हणा आणि पाणी सोडा!”

आईनं अण्णांना कोपरानं ढोसलं. आषाढी एकादशीची सकाळ, कराडातलं विठ्ठलाचं देऊळ, मागं ही एवढी रांग लागलेली, आणि आमचे अण्णा तळहातावर पाणी घेऊन नुसते उभे. पाणी बोटांच्या फटीतून गळून गेलं. पुजाऱ्यानं पळीनं परत घातलं.

“इंदू, मी वांगं सोडतो,” अण्णा म्हणाले.

“वांगं कुठं आवडतंय तुम्हाला? देवाला फसवताय होय?”

“मग चहा सोडतो. चार महिने चहाला शिवणार नाही.”

मागची एक बाई फिसकन हसली. मलाही हसू आवरेना. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून अख्खी नोकरी केलेला हा माणूस. उन्हातान्हात कालव्याच्या काठानं हिंडायचा आणि चहावर जगायचा. तो चॉकलेटापायी चहा सोडायला निघाला होता.

“अण्णा, काय लहान पोरागत करताय?” मी म्हटलं. “लोक खोळंबलेत. सोडा की एकदाचं.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागावले नव्हते, पण काहीतरी सांगायचं राहून गेल्यासारखा चेहरा होता. मग आईकडं बघितलं. आई हात जोडून, डोळे मिटून उभी होती. ओठ हलत होते तिचे. “माझ्या माणसाचं डोकं ताळ्यावर येऊ दे रे बाबा,” एवढंच तिचं चाललेलं.

“सोडलं,” अण्णा म्हणाले आणि ताम्हणात पाणी सोडलं.

आमच्याकडं चातुर्मासाचा नेम धरतात. चार महिने एक आवडती वस्तू सोडायची, आणि देवापुढं पाणी सोडलं की मग जीव गेला तरी तोंडाला लावायची नाही. कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी भात. माझ्या सासूबाईंनी एकदा गप्पा मारणं सोडलं होतं. ते दोन दिवस टिकलं, तो भाग वेगळा. पण चॉकलेट सोडणारा म्हातारा अख्ख्या पेठेत आमचाच.

हे चॉकलेटाचं खूळ आणलं माझ्या भावानं. संग्राम पुण्याला असतो, मोठ्या कंपनीत. अण्णांना विसरायला व्हायला लागलं, तसं त्यानं कुठंसं वाचलं की कोकोनं म्हणे म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती टिकते. लगोलग डबाभर चॉकलेट आलं. काळंकुट्ट, आणि कडू किती म्हणाल, तर कडुनिंब बरा. अण्णांना मधुमेह, रोज सकाळी इन्सुलिन. म्हणून तसलं बिनगोडाचं. रोज दोन वड्या द्यायच्या, असं त्यानं फोनवर चारदा बजावलं.

अण्णांनी एक वडी चघळली, तोंड वाकडं केलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “वैजू, हे राहू दे. तू मला वाण्याकडचं आण. ते साधं, पोरं खातात ते. गोड.”

“अहो, गोड कसं चालेल? आणि डोक्याला ते कडूच लागतं म्हणे.”

“माझं डोकं गोडानंच चालतं,” अण्णा म्हणाले. “थोडंच आण. खिशात राहू दे.”

म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण, असं म्हणून मी आणून द्यायची. माझं शिवणाचं दुकान आहे मंगळवार पेठेत, वाणी शेजारीच. ब्लाउजच्या पिशवीत चॉकलेटं घालून न्यायची, आईच्या नकळत अण्णांच्या हातात द्यायची. ते लगेच खायचेही नाहीत. सदऱ्याच्या खिशात ठेवून वरून हात फिरवायचे.

आता विसरणं म्हणजे किती, तर गॅस चालू राहिला, अण्णा. नळ रात्रभर वाहिला, अण्णा. कपाटाची किल्ली सापडेना, दूध उतू जाऊन पातेलं करपलं, सगळं अण्णा. बरं, ते नाकारायचेही नाहीत. “माझंच चुकलं बाई, माझ्या काय लक्षात राहत नाही,” असं आपणहून म्हणायचे. एकदा कोथिंबीर आणायला गेले आणि खराटा घेऊन आले. एकदा तीस वर्षं शेजारी राहिलेल्या मुल्लाभाभींना “आपण कोण?” म्हणून विचारलं. भाभी रडायच्याच बाकी होत्या. आईनं मात्र पदर खोचला. औषधं तिच्या हाती, इन्सुलिनची सुई तिच्या हाती, किल्ल्या तिच्या कमरेला. “आता मलाच डोकं ठिकाणावर ठेवायला पाहिजे, दोघांचंही,” म्हणायची. खरं सांगते, त्या दिवसांत ती पहिल्यापेक्षा तरतरीत दिसायची.

मला एकच कळायचं नाही. पेपरातलं शब्दकोडं रोज पुरतं सुटलेलं असायचं. मी समजायची, आई सोडवते.

त्या उन्हाळ्यात अण्णांच्या साखरेचे आकडे वर-खाली उड्या मारायला लागले. डॉक्टर तडकले. संग्राम पुण्याहून आला आणि बैठकीत बसून त्यानं निकालच दिला.

“दिवाळीपर्यंत बघतो. नाही सुधारले, तर अण्णांना मी पुण्याला अशा माणसांसाठी केंद्र आहे तिथं ठेवणार. आई माझ्याकडं राहील. ताई, तूही मधे पडू नकोस. आईला झेपत नाही हे आता.”

आई ताडकन उठली. “मला न झेपायला काय झालंय? आणि ह्यांना एकटं ठेवणार? कुलपात?”

“कुलपात नाही गं आई. चांगली जागा आहे.”

“सगळ्या चांगल्याच असतात,” आई म्हणाली.

तिच्या डोळ्यांपुढं काय आलं ते मला ठाऊक होतं. तिची आई म्हातारपणी सगळं विसरली होती. माणसं विसरली, लुगडं नेसायचं विसरली. मामांनी तिला गोठ्याशेजारच्या खोलीत कडी घालून ठेवलं. आई लग्नाआधी तिला भाकरी भरवायची, आणि ती आईलाच विचारायची, कुणाची गं तू? आई कधीतरी बोलायची त्यावर, आणि शेवटी ठरलेलं वाक्य असायचं. “मला तसलं काही झालं ना, तर ज्या दिवशी कळेल त्या दिवशी विहीर जवळ करीन.” आणि आमची आई बोलेल ते करणारी बाई.

तर असं होतं. दिवाळीपर्यंत अण्णांचं डोकं सुधारलं पाहिजे, नाहीतर पन्नास वर्षांच्या संसाराची दोन टोकं होणार. डॉक्टरांनी चॉकलेट बंद सांगितलं होतं, खिशातली चॉकलेटंही आईला सापडली होती. मग तिनं दोन्हींची मोट बांधली. चॉकलेट बंद करायचंच आहे तर देवापुढं सोडू. साखरही आटोक्यात येईल आणि देवही पावेल. मला ते पटलंच. वर मी तिची पाठ थोपटली.

श्रावणात आईचा ब्लाउज शिवून झाला होता, तो द्यायला मी सकाळी दुकान उघडण्याआधी गेले. अण्णा पुढच्या सोप्यात खुर्चीवर बसले होते. बनियन घामानं चिंब. बाहेर तर गारठा, झिमझिम चाललेली.

“वैजू,” ते हळूच म्हणाले, “चॉकलेट आहे का गं?”

“झालं का सुरू! अण्णा, नेम आहे ना तुमचा?”

“आहे का, सांग आधी.”

त्यांचा हात माझ्या मनगटावर आला आणि मी दचकले. बर्फासारखा गार, आणि लटलट कापत होता. डोळे मात्र माझ्यावर रोखलेले. इतके स्वच्छ डोळे मी त्यांचे वर्षभरात बघितले नव्हते.

“नीट ऐक. आईनं आज सुई दोनदा टोचली. आणि खायला दिलं नाही. दिलं असं तिला वाटतंय.”

“दोनदा? म्हणजे? अण्णा, तुम्ही विसरला असाल.”

“मी काही विसरत नाही गं,” अण्णा म्हणाले. “ती विसरते.”

मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्या तोंडाशी कान नेला.

“गॅस, नळ, किल्ली, सगळं तिचं. आधी मी एक-दोनदा म्हटलं, अगं, तूच ठेवलंस. तर दिवसभर आरशापुढं बसून राहिली. जेवली नाही. मागच्या विहिरीकडं दोनदा जाऊन आली. मग म्हटलं, माझ्यावर घेऊ. तो खराटा, त्या मुल्लाभाभी, सगळी सोंगं. माझं काय जातंय.”

“आणि सुई? ती नको म्हणायचं ना, अण्णा! हात धरायचा तिचा!”

“म्हणतो की. ती म्हणते, तुम्हाला काय आठवतंय!” अण्णा हसायला गेले, पण तोंड वाकडंच झालं. “माझं कोण ऐकणार? विसरभोळा मी. दोनदा टोचलं की मी चॉकलेट खायचो. भागून जायचं. आता खिसे तपासते. साखर लपवलीय. तू कुठनंतरी गोड आण, पण तिला कळू...”

पुढचे शब्द लडबडले. मान छातीवर आली.

“आई! साखर आण! साखर!” मी ओरडत स्वयंपाकघरात शिरले.

आई ओट्याशी उभी होती. कढईत रवा भाजून तसाच पडलेला, थंडगार. शेजारी चिरलेला कांदा. फोडणीचा पत्ता नाही.

“साखर? ह्यांना?” आई कमरेवर हात ठेवून म्हणाली. “वेड लागलंय का तुला? नेम मोडायला आलीस होय? आत्ता तर पोटभर उपीट खाल्लंय त्यांनी.”

“आई, बाजूला हो. त्यांची साखर उतरलीय. मरतील ते! डबा कुठाय?”

मरतील म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. ती धावली फळीकडं. एक डबा उघडला, शेंगदाणे. दुसरा, पोहे. तिसरा, डाळ. ती डबे खाली ठेवायलाही विसरली, एकेक हातातून सुटत गेला आणि फरशीवर सगळं सांडत गेलं.

“कुठं ठेवलीस लपवून?”

“इथंच... इथंच ठेवली होती बाई मी. ह्या डब्यामागं. का पिठाच्या... वैजू, मी कुठं ठेवली गं?”

मी सगळ्या फळ्या धुंडाळल्या. ना साखर, ना गूळ, ना देवापुढची खडीसाखर. घरात गोडाचा कण नव्हता. आई मधोमध उभी राहिली. हात लोंबकळलेले. कढईकडं बघितलं. चिरलेल्या कांद्याकडं बघितलं. मग माझ्याकडं.

“उपीट... मी केलंच नाही?” ती म्हणाली. “वैजू, मला आठवेना गं. माझ्या आईगत...”

सोप्यात खुर्ची करकरली. माझ्या एकीकडं तो माणूस आणि एकीकडं ही बाई. विचार करायला सवड कुठली! तोंडातून निघून गेलं.

“तुझं काय नाही, आई. अण्णांनीच लपवलीय साखर. कढईखालचा गॅससुद्धा त्यांनीच बंद केला असणार. त्यांना काय आठवतंय!”

आई माझ्याकडं बघत राहिली. मग हळूहळू तिच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

“होय गं,” ती म्हणाली. “त्यांचंच काम. परवा चष्मा तांदळात खुपसला होता त्यांनी. बघ तरी, कुठं घातलीय ती!”

मी मुल्लाभाभींच्या दारात अनवाणी धावले. भाभी हातातलं टाकून उठल्या. मूठभर साखर पाण्यात कालवत माझ्या मागोमाग आल्या. पण अण्णांचे दात बसले होते. पाणी गालावरून ओघळून बनियनवर गेलं. आई पदरानं ते टिपत होती आणि म्हणत होती, “अहो, नेम मोडला तरी चालेल. मी देवाला सांगते. घोटभर घ्या.”

रिक्षातून दवाखान्यात नेलं. सलाइन लावलं, साखर शिरेतून दिली. पण मेंदूला फार वेळ काही मिळालं नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. तरुण डॉक्टर होता. त्यानं मला व्हरांड्यात बोलावलं. आई दाराशीच बाकावर बसलेली, कान टवकारून.

“इन्सुलिन जास्त गेलंय. घरी कोण देतं?”

“मी देते,” आई म्हणाली. “वेळच्या वेळी. एकदासुद्धा चुकलं नाही.”

“ती देते ते बरोबरच असतं, डॉक्टर,” मी म्हटलं. “पण अण्णा विसरायचे. दिलेलं लक्षात नाही राहायचं, की आपल्या हातानं परत टोचून घ्यायचे.”

“मग अशा माणसाच्या हाताला लागेल अशी सुई ठेवता कशी तुम्ही?” डॉक्टर भडकला. “शिकलेली माणसं तुम्ही!”

“चुकलं,” मी म्हटलं.

अण्णा शुद्धीवर आलेच नाहीत. दोन-तीन दिवसांत गेले. मला रडूही नीट आलं नाही. कारण दहाव्याला जो येईल तो तेच बोलायचा. सुटले बिचारे. शेवटी भ्रमच झाला होता. संग्राम तर भिंतीवर मूठ आपटून म्हणाला, “मी सांगत होतो! त्यांना तेव्हाच केंद्रात ठेवलं असतं तर आज जिवंत असते. एवढा हुशार माणूस, पण शेवटी सुईचीसुद्धा अक्कल राहिली नाही.” तोंडावर आलं होतं की गप्प बस, संग्या, तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त शुद्धीत होता तो माणूस. पण आई समोर बसली होती. अण्णांच्या फोटोला हार सारखा करत होती.

आईला मी माझ्या घरी आणलं. दिवाळीची वाट कुणी बघितली नाही. मग विसरायची पाळी माझी आली. आमटीत मीठ दोनदा पडलं, की मी. दाराला कुलूप लावायचं राहिलं, की मी. आई म्हणायची, “वैजू, तू गेलीस गं बापाच्या वळणावर,” आणि मी म्हणायची, “होय बाई, रक्तच ते.” संग्रामनं मलाही चॉकलेटाचा डबा पाठवला. मी मुकाट्यानं खाल्ला. कडूच होता.

तिला शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणजे मला तरी असंच वाटतं. एकेक करून सगळं गेलं. आधी कालची गोष्ट, मग नातवंडांची नावं, मग संग्राम, मग मी. पण एक गोष्ट मात्र राहिली, ती पुन्हा पुन्हा सांगायची. शेवटच्या वर्षात मी तिची वेणी घालत होते, तेव्हा तिनं मान वळवून मला निरखलं. अनोळखी बाईशी बोलतात तसं, आदबीनं.

“बाई, तुम्हाला सांगते,” ती म्हणाली, “आमचे हे फार विसरायचे हो. काही म्हणजे काही राहायचं नाही डोक्यात. मी होते म्हणून निभलं.”

“होय. तुम्ही होता म्हणून,” मी म्हटलं.

“फार वाईट असतं बघा.” तिनं माझ्या हातावर हात ठेवला. तिला माझी कीव आली असावी, का कोण जाणे. “तुमच्या घरी आहे का हो कुणी असं विसरणारं?”

“नाही,” मी म्हटलं. “आमच्या घरी नाही कुणी.”